आईच्या वळणावर गेलेला पाय

"हे हाड आता ऑपरेशनशिवाय सरळ होणार नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला.

माझाच उजवा पाय होता. अंगठा शेजारच्या बोटावर कलंडलेला, आणि त्याच्या बुडाशी हाडाचं टेंगूळ बाहेर आलेलं. याला हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात. म्हणजे अंगठ्यामागचं हाड बाहेर सरकतं, अंगठा दुसऱ्या बाजूला वळतो आणि पायाच्या कडेला गाठ दिसू लागते. गाठीचं नाव बनियन. मला बनियन म्हणजे अंगात घालायचं तेवढंच ठाऊक होतं.

मी लातूरला एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते. सकाळच्या बॅचपासून दिवेलागणीपर्यंत फळ्यासमोर उभी. पाय दुखतो, चप्पल बदलायची. पुन्हा दुखतो, पुन्हा बदलायची. शेवटी मी वर्गात अनवाणी उभी राहू लागले, तर मुलींना वाटलं, मॅडमनी काही नवस बोललाय. रात्री पायावर चादर टेकली तरी कळ यायची, तेव्हा कुठे नांदेडच्या या डॉक्टरांकडे आले.

त्यांनी शांतपणे समजावलं. मिनिमली इन्व्हेजिव्ह सर्जरी, म्हणजे मोठी चीर न देता, बारीक छिद्रांतून हाड कापायचं, सरकवून जागेवर आणायचं आणि स्क्रूने धरून ठेवायचं.

"पाय दिसायला बदलेल?" मी विचारलं.

"हो. पंजा अरुंद होईल, अंगठा सरळ येईल. पण सूज उतरायला बरेच महिने लागतात. लगेच आरशात बघू नका."

सगळे हेच विचारत असावेत, म्हणून ते हसले. मला हसू आलं नाही.

त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं गाव गेलं. मी तेव्हा चौथीत होते आणि शाळेसाठी उदगीरला मामांकडे राहत होते. आई-आबा गावात होते; दोघंही गेले. ढिगाऱ्यातून आईला काढलं, तेव्हा मामांनी तिला पाय बघून ओळखलं. हे मला मामांनी सांगितलं नाही. बायका बोलत होत्या, ते मी ऐकलं. आईचा फोटो एकही राहिला नाही. पुढे पुढे तिचा चेहराही नीट आठवेना. पण माझा अंगठा वळू लागला, तशा मामी म्हणायच्या, "पोरगी पायानं आईच्या वळणावर गेली." न्हाणीत पाय धुताना मी त्या गाठीवरून हात फिरवायची. माझ्याकडे तिचं तेवढंच होतं.

मी ऑपरेशन पुढे ढकलत राहिले. आधी परीक्षा आहे म्हणून, मग निकाल आहे म्हणून. आमचे हे एवढंच म्हणाले, "दुखतंय तुला. तू ठरव." खरं कारण मी त्यांनाही सांगितलं नव्हतं.

मग मामा आले. तूर घेऊन लातूरच्या अडतीला आले होते. मी लंगडत चहा आणला. त्यांनी पायाकडे बघितलं आणि नजर वळवली.

"मामा, हा पाय सरळ करून घ्या म्हणतात डॉक्टर."

"मग घे की."

"आईसारखा आहे ना तो."

बशीतला चहा निवला.

"सुनंदा, अक्काचा पाय लई दुखायचा गं. सांजच्याला दारात बसून तेल चोळायची. मला म्हणायची, दाब रे जरा. मी खेळायला पळून जायचो. तिला कुणी दवाखान्यात न्हेलं न्हाई. ते दुखणं तू कशापायी सांभाळून राहिलीस?"

मी आत जाऊन रडले. संध्याकाळी नांदेडला फोन केला.

ऑपरेशनच्या वेळी पाय बधिर केला होता, मी जागी होते. दातांच्या दवाखान्यासारखा घरघर आवाज येत होता. मधूनमधून डॉक्टर पडद्यावर हाड बघायचे आणि "आलं जागेवर" म्हणायचे. बाहेर आमचे हे आणि मामा बाकड्यावर बसून होते. दुसऱ्या दिवशी जाड, न वाकणाऱ्या तळाचा बूट घालून मला टाचेवर चालवलं. त्यानंतर मात्र नुसता कंटाळा. पाय उशीवर, बर्फाची पिशवी, आढ्याकडे बघणं. इतकी दमणूक उभं राहूनसुद्धा झाली नव्हती.

पट्टी सोडली तेव्हा पाय सुजलेला, निळा-पिवळा होता. जखमा म्हणाव्यात तर नुसते ठिपके. अंगठा सरळ. मला तो पाय परका वाटला. कुणीतरी आपला पाय इथे विसरून गेल्यासारखा.

"दुखतंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," म्हणाले आणि डोळे भरून आले. ते थांबले. काही विचारलं नाही. त्यांचे उपकार मी त्याबद्दलही मानते.

तुमच्यावर ही वेळ आली तर सांगते: नवाकोरा पाय मिळेल असं समजू नका. माझा अंगठा अजून पूर्ण वाकत नाही. दिवसाच्या शेवटी सूज येते. शिकवताना मध्येच खुर्ची घ्यावी लागते. पण चादर टेकली तर कळ येत नाही, आणि चप्पल घालून फळ्यासमोर उभी राहते. डावा पायही थोडा वळलाय. त्याचं पुढे बघू.

एक मात्र झालं. इतकी वर्षं मामा आणि मी आईविषयी बोलत नव्हतो. आता रविवारी मी फोन करते आणि विचारते. परवा म्हणाले, "अक्का बाजारला जाताना चपला हातात धरायची. वेशीपाशी घालायची आणि बाजारातून निघाली की पुन्हा काढायची. म्हणायची, चपला काय, लोकांना दाखवायपुरत्या." मामा फोनवर मोठ्यानं हसले. इतक्या वर्षांनी आईचं बोलणं मी पुन्हा ऐकत होते.