वनितानं केलेल्या खुणा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही – आमच्या प्रदूषणविरोधी समितीत नाही, घरी नाही. वनिताला तर नाहीच, कारण तिला ते माहीत आहे.

खालापूर-कर्जतच्या गावांत मला ओळखतात ते पत्रकांमुळे. 'इंग्रजी चुकलं म्हणून विहीर स्वच्छ होत नाही' – हे सगळ्यात गाजलेलं. भिंतींवर लागलं, मोबाइलवर फिरलं. आजही त्यातला शब्द न् शब्द मला पटतो. फक्त त्यात एक गोष्ट नाही.

मोहोपाड्याकडच्या एका कारखान्याच्या विस्तारावर जनसुनावणी होती. निवेदन इंग्रजीतूनही द्यायचं ठरलं. मी लिहिलं आणि वनिताला दाखवलं. ती कारखान्यामागच्या वाडीतली, माझ्याच वयाची, इंग्रजी घेऊन बी.ए. करणारी. तिनं चार ठिकाणी पेन्सिलीनं खुणा केल्या. कुठे 'ए' राहून गेला होता, कुठे 'अ‍ॅन'च्या जागी 'ए' पडला होता. "इथं अ‍ॅन पायजे गं," म्हणाली. मी खोडरबर घेतला आणि तिच्यासमोर त्या खुणा पुसल्या. पत्रकं कोण लिहितं – मी की ती?

सुनावणीत कंपनीच्या साहेबानं नेमकी तीच वाक्यं मोठ्यानं वाचली. आधी ए-अ‍ॅन शिका, मग आक्षेप घ्या, म्हणाला. मंडपभर हसू. आमची माणसंसुद्धा हसली. माइक माझ्या हातात होता, आणि मी म्हणाले – "ते वनितानं लिहिलंय."

का म्हणाले? घाबरले होते? छे. कुणी मला हसलेलं मला सहन होत नाही, एवढंच.

पुढचं नाव तिचंच होतं. वाडीच्या विहिरीचं पिवळं पाणी तिनं बाटलीत भरून आणलं होतं, सगळ्यांना दाखवायला. नाव पुकारलं – दोनदा. ती उठली नाही. बाटली ओढणीखाली धरून बसून राहिली. इतिवृत्तात लिहिलं गेलं : वाडीतर्फे आक्षेप नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते गाजलेलं पत्रक लिहिलं. साहेबाच्या हसण्यावर तुटून पडले. लोक म्हणाले, वनिताची बाजू घ्यावी तर हिनं. मी ते ऐकून घेतलं.

कारखाना वाढला. वाडीला आता टँकर येतो. वनिता कधी चौक गावच्या फाट्यावर भेटते. "बरी हाय ना गं?" एवढंच विचारते.

निवेदन माझं होतं. तिच्या खुणा बरोबर होत्या – आणि त्या मी पुसल्या.