पासष्ट किलो

दवाखान्यात त्यांना सगळे नोंदणीबाई म्हणत. एकवीस वर्षं दाखल करून घ्यायच्या टेबलावर बसून त्यांच्या डोळ्यांतच तराजू बसला होता. ट्रॉलीचा धक्का लागून तिथला वजनकाटा मोडला तो मोडलाच. 'विचारून लिहा' असा वरून हुकूम आला. बाई विचारत, पण लिहीत आपल्या नजरेला पटेल ते. बायकांच्या वजनात भर घालायची, पुरुषांच्या दारूची दुप्पट करायची, आणि 'दमा होता मागे कधीतरी' म्हणणाऱ्याला तो आजही आहे असं धरायचं. नजर सहसा चुकत नसे.

फ्लूची साथ आली आणि या रकान्यांना भलतंच मोल आलं. गोळ्या थोड्या, माणसं फार. मधुमेह, दमा, गरोदरपण, लठ्ठपणा, यांतल्या एकावर जरी खूण असली तर गोळी पहिल्याच दिवशी. बाकीच्यांनी घशाच्या तपासणीचा अहवाल येईस्तोवर थांबायचं. दोन दिवस, कधी तीन.

एका सकाळी टेबलासमोर त्यांची धाकटी जाऊच येऊन बसली. अंगात फणफणता ताप, दोन शब्दांत एकदा धाप. मागे धाकटे दीर, हातात कपड्यांची पिशवी.

या दोघी जावांत वर्षभर अबोला होता. बाईंनीच एकदा चारचौघांत म्हटलं होतं, हिला खुर्ची नको, बाकडं आणा. सगळे हसले होते. धाकटी भरल्या ताटावरून उठली होती. शेवटी सासूबाईंनी मध्ये पडून मिटवलं आणि थोरलीकडून शब्द घेतला, की हिच्या अंगावरून पुन्हा अवाक्षर काढायचं नाही.

"वजन?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

धाकटीने मागच्या रांगेकडे चोरून पाहिलं. "पासष्ट लिहा ना, ताई."

नव्वदीच्या खाली ती नव्हती, हे आंधळ्यालाही कळलं असतं. बाईंनी जीभ दाताखाली धरली आणि पासष्ट लिहिलं. लठ्ठपणाचा रकाना कोरा राहिला. चला, एकदा तरी हिचा मान राखला, असं वाटून त्यांना बरंसुद्धा वाटलं.

अहवाल आला तिसऱ्या दिवशी. तोवर धाकटी श्वासाच्या यंत्रावर होती. नवव्या दिवशी गेली.

येणाऱ्याजाणाऱ्याला दीर सांगत, की वहिनी होत्या म्हणून खाट तरी मिळाली, परक्यासारखी नाही गेली. बाई ऐकून घेत आणि चहा ठेवायला उठत.

साथ ओसरल्यावर एक तरुण डॉक्टरीण आली. आजार कुणाला भारी पडला आणि का, ते तिला मांडायचं होतं. गठ्ठे चाळून तिने एक कागद बाजूला काढला. वय चौतीस, आधीचा आजार नाही, वजन बेताचं, तरी मृत्यू. असे धडधाकट किती गेले, तेच ती शोधत होती.

"पासष्ट नव्हतं ते," बाई म्हणाल्या. "नव्वदच्या वर होतं."

"कशावरून?"

"माझी जाऊ ती."

डॉक्टरीण हळूच म्हणाली, की माणूस गेल्यावर नोंद बदलायची तर जवळच्याची सही लागेल, आणि ती लिहिणाऱ्याची चालणार नाही.

संध्याकाळी बाईंनी दीरांपुढे कागद ठेवला. कोणाला गोळी कधी मिळायची, कोरा रकाना म्हणजे काय, सगळं सांगितलं; काही मागे ठेवलं नाही.

"म्हणजे खरं लिहिलं असतंत तर पहिल्याच दिवशी."

"हो."

"वाचली असती?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही, भावजी."

दीरांनी सही केली. कागद सरकवत म्हणाले, "तुमची नोंद झाली बरोबर. यापुढे मला भावजी म्हणू नका."

बाईंनी सही जागेवर आहे ना ते सवयीने पाहिलं, आणि कागदाची घडी घातली.