न लागणारं झाकण

आई गेल्यावर बाबांना मी पुण्याहून दुबईला, डिस्कव्हरी गार्डन्सच्या आमच्या घरी आणलं. महिन्याभरातच त्यांनी रक्तदाबाची गोळी एका सकाळी दोनदा घेतली आणि चक्कर येऊन स्वयंपाकघरात पडले. क्लिनिकमधून परतल्याबरोबर मी त्यांची सगळी औषधं कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. माझं असंच असतं, आधी कुलूप, मग विचार.

रोज सकाळी बाबा माझ्यासमोर हात पुढे करून उभे राहायचे, छडी खायला उभं राहावं तसे. हाच माणूस एकेकाळी रायफल क्लबात आपल्या मॅग्नम रिव्हॉल्व्हरची रिकामी काडतुसं स्वतः बारूद मोजून भरायचा. नेम यथातथाच, आई तोंडावर सांगायची. पण त्यांनी भरलेल्या काडतुसाने कधी कोणाला इजा झाली नाही, याचा त्यांना फार अभिमान. आता साधी गोळी त्यांना लेकीकडे मागावी लागत होती. मला ते बघवत नव्हतं, आणि किल्ली देण्याचा धीरही होत नव्हता.

शेवटी वारांचे कप्पे असलेली डबी आणायला आम्ही फार्मसीत गेलो. मी ऐसपैस कप्प्यांची उचलली. बाबांनी सगळ्यात लहान शोधून काढली.

"अंकल, ये बहुत छोटा है," केरळचा फार्मासिस्ट म्हणाला.

"छोटा ही चाहिए." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, बारूद निवडताना मी हेच बघायचो. एक बारूद असते, चिमूटभर पुरते. मॅग्नमच्या काडतुसाची पुंगळी लांब. चुकून दोनदा पडली तरी तळाशी बसते, दिसत नाही. मग रिव्हॉल्व्हर हातातच फुटायचं. म्हणून मी फुगीर बारूद घ्यायचो, एका मापातच पुंगळी जवळजवळ भरायची. दुसरं माप ओतलं की सांडलीच बाहेर."

"पण तुमची चूक कधी झाली नाही ना?"

"झाली की. सांडली, म्हणून कळली."

रविवारी सकाळी मी कपाट उघडून दिलं आणि ते ती डबी घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. एका वेळी एकच बाटली टेबलावर, ती कपाटात परत गेल्याशिवाय दुसरी नाही. टीव्ही बंद, बोलणं बंद.

"आजोबा, कॅन आय हेल्प?" माझ्या लेकीने विचारलं.

"यल्ला, टॉर्च धर," आजोबा म्हणाले. 'चल' म्हणायचं एवढं अरबी मात्र दुबईत येऊन लगेच शिकले होते.

तिच्या मोबाईलच्या उजेडात ते एकेक झाकण लावत गेले. बुधवारचं लागेना. मला ओट्यापासून दिसत होतं, आत रक्तदाबाच्या दोन गोळ्या होत्या. माझा हात पुढे झाला. मी तो ओढणीत गुंडाळून धरला.

बाबांनी पुन्हा दाबून बघितलं. मग कप्पा डोळ्यांजवळ नेला, एक गोळी काढली आणि बाटलीत परत टाकली. झाकण लागलं.

"सांडली," ते म्हणाले आणि हसले. आई गेल्यापासून ते असे हसले नव्हते.

मी पर्समधली किल्ली आणून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती थोडा वेळ मुठीत धरून ठेवली. मी डबी उचलून उगाचच गुरुवार तपासत बसले.

"ह्या किल्लीची दुसरी करून घे," बाबा म्हणाले. "एक तुझ्याकडे असू दे. आणि पुढच्या रविवारी टॉर्च तू धर."