आमच्या घरात सांगली उघडत नव्हती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लखनौतल्या आमच्या जानकीपुरमच्या घरात सांगली बंद होती, आणि ती मी बंद केली होती.

नीट सांगतो. बायको सांगलीची. लग्न झालं तेव्हा ती तिथल्या एका शाळेत शिकवत होती. मला लखनौला संशोधनाची नोकरी लागली, तिनं शाळा सोडली आणि आम्ही इकडे आलो. मुलीची बारावी झाली की परत जाऊ, असं मी म्हणालो होतो. मनापासून म्हणालो होतो की वेळ मारून न्यायला, ते आता मलाही आठवत नाही. मुलगी बारावी होऊन बंगळुरूला गेली. त्याच सुमारास मला माझी स्वतःची प्रयोगशाळा मिळाली. बायको मात्र संध्याकाळच्या चहाला फोनवरून सांगलीतल्या घरांच्या जाहिराती वाचून दाखवू लागली.

"विश्रामबागेत आहे बघा. दोन खोल्या, मागं पेरूचं झाड. जाहिरातीत झाड लिहिलंय म्हणजे माणूस चांगला असणार की."

मी "हं" म्हणायचो. मला जायचं नाही, असं एकदा तोंड उघडून म्हणायला हवं होतं. ते माझ्याच्यानं झालं नाही.

एका रविवारी ती भाजी आणायला गेली असताना मी वायफायच्या राउटरची सेटिंग उघडली. घरात कुठल्या साइट चालू द्यायच्या नाहीत, हे तिथं ठरवता येतं. मुलीच्या अभ्यासाच्या काळात मी ते शिकून घेतलं होतं. जाहिरातींच्या साइट बऱ्याच होत्या. एकेक पत्ता शोधत बसण्यापेक्षा मी एकच शब्द टाकला: सांगली. ज्या साइटच्या पत्त्यात तो शब्द येईल, ती आमच्याकडे उघडणार नाही. माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानं इतका ढोबळ उपाय केला असता तर मी त्याला धारेवर धरलं असतं. जाहिरातींबरोबर तिच्या गावचं वर्तमानपत्र गेलं, तिची शाळा गेली, तिच्या गल्लीतल्या गणपतीचे फोटो गेले.

"नेटवर्कचं काहीतरी असणार," मी म्हणालो. "इकडे काही काही साइट नाही चालत."

तिनं ते मानलं. शास्त्रज्ञ नवरा सांगतोय म्हटल्यावर कोण नाही मानणार? बाजारात असली की तिच्या फोनवर शाळेचं पान कधीमधी उघडायचं, घरी आली की नाही. त्याचा दोष तिनं फोनला दिला. पुढे पुढे तिनं पाहणंच सोडलं. चहाच्या वेळी ती सब्जीवाल्या भैयाचे किस्से सांगू लागली. मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो.

या हिवाळ्यात तिच्या जुन्या मैत्रिणीचा फोन आला. शाळेला ग्रंथालय सांभाळायला कुणीतरी हवं होतं, शक्यतो पूर्वी तिथं शिकवलेलं. अर्ज फक्त शाळेच्या साइटवर भरायचा होता. "लवकर भर बाई," मैत्रीण म्हणाली. फोन ठेवून बायको माझ्याकडे वळली.

"मी भरते अर्ज. तुम्ही रिटायर झालात की या मागनं."

ती विचारत नव्हती, सांगत होती. मी पुन्हा "हं" म्हणालो.

अर्जाचं पान तिच्या जुन्या फोनवर बाजारात नेऊनही धड उघडेना. "आई का फोन तो डब्बा है," म्हणून मुलीनं नवा लॅपटॉप पाठवला. त्यावर सगळं उघडलं. बँक उघडली, रेल्वेची तिकिटं उघडली, कुठल्या कुठल्या देशातलं हवामान उघडलं. शाळा उघडेना.

"नवीन आहे ना हो हा? मग?"

मी दुरुस्तीला बसलो. म्हणजे दुरुस्तीचं नाटक करायला बसलो. लॅपटॉप बंद करून चालू केला, तारीख-वेळ तपासली, अँटिव्हायरस काढून पुन्हा घातला. ती शेजारी खुर्ची ओढून, चष्मा लावून, पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी बघत होती. खरी मुलगी स्पीकरवर होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं.

"बाबा, दूसरा ब्राउज़र ट्राय किया?"

"केला."

"अच्छा... राउटर में कुछ ब्लॉक तो नहीं है?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. सहज, उत्तर काय येतंय ते ऐकायला.

"राउटरमध्ये कशाला असेल?" मी म्हणालो.

"हाँ, वो तो आप ही ने लगाया था. फिर लैपटॉप ही ख़राब है यार, वापस कर देते हैं."

बायको अंघोळीला गेल्यावर मी तो शब्द गुपचूप काढून टाकायला गेलो, तर राउटरचा पासवर्डच आठवेना. मुलीची जन्मतारीख घालून पाहिली, लग्नाची तारीख घालून पाहिली. शेवटी मागच्या भोकात पिन दाबून तो कोरा केला. त्याबरोबर घरातलं सगळंच नेट गेलं. आता कंपनीचा माणूस येऊन त्यांचा आयडी भरेपर्यंत काही होणार नव्हतं. "कल आ जाएगा सर," म्हणाले. धुकं पडलं होतं. त्यांचा कल काही उजाडेना.

माझ्या फोनवरून तिला नेट जोडून देता आलं असतं. एका मिनिटाचं काम. पण मग शाळा लगेच उघडली असती आणि तिनं विचारलं असतं, आता कशी उघडली? त्या एका प्रश्नाच्या भीतीनं मी फोन खिशातच ठेवला. सगळ्यात मोठी चूक राउटरमधली नव्हे, ही.

त्या आठवड्यात लखनौच्याच महानगर नावाच्या भागात एका मराठी घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बायको काठापदराची साडी नेसली आणि लॅपटॉप शालीत गुंडाळून निघाली. मी तिला सोडलं आणि बाहेर गाडीत बसून राहिलो. काचेवर दव धरत होतं, मी पुसत होतो. ती आली, शेजारी बसली.

"उघडलं. पहिल्या झटक्यात. सगळ्या बायका बघत होत्या." शालीवरून हात फिरवत म्हणाली, "उगाच बिचाऱ्याला नावं ठेवली."

"मग भरलास अर्ज?"

"मुदत कालच संपली हो."

पर्समधून तिळाची वडी काढून तिनं माझ्या हातावर ठेवली. "घ्या," म्हणाली. मी वडी खाल्ली आणि गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला आणि नेट सुरू झालं. कोऱ्या राउटरमध्ये माझा शब्द उरला नव्हता. शाळा उघडली, वर्तमानपत्र उघडलं, गणपती उघडले. "भैया, आपने तो कमाल कर दिया," म्हणत तिनं त्याला चहा दिला, माहेरून आलेलं भडंग बशीभर दिलं. "मैडम, हमने तो बस पासवर्ड डाला है," तो म्हणाला. ती हसली. मी बशीकडे बघत उभा होतो.

परवा तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. शाळेच्या पानावर ग्रंथालयात रुजू झालेल्या नव्या बाईंचा फोटो होता. "पोरगी चांगली दिसते, नाही?" म्हणाली. घरांच्या जाहिराती आता उघडतात. ती वाचत नाही.

तो शब्द मी टाकला होता, हे मी तिला सांगायला हवं. मला सांगलीला जायचं नव्हतं, हेही. अजून सांगितलेलं नाही.