सवतीचा टाक टपालानं

कनाट्यात, म्हणजे कॅनडात, मराठी माणसानं घर घेतलं की बँक त्याला कर्ज देते आणि मराठी मंडळातली माणसं चांदी देतात. वास्तुशांतीला वाटी, बारशाला चमचा, मुंजीला पेला, आणि कशालाच काही सुचलं नाही तर लक्ष्मीचं नाणं. हे कुणी वापरत नाही. डबीतल्या गुलाबी कापसासकट ते बेसमेंटच्या कपाटात जातं आणि पुढच्या वास्तुशांतीला तिथून दुसऱ्याच्या बेसमेंटमध्ये जातं. आम्ही एकांना दिलेली अत्तरदाणी काही वर्षांनी आमच्याकडेच परत आली. मी ती ओळखली, देणारीनं ओळखली नाही. मी तिच्या साडीचं कौतुक केलं, तिनं माझ्या बटाटेवड्यांचं केलं, आणि अत्तरदाणी पुन्हा खाली गेली.

गेल्या थंडीत माझ्या सासूबाई गेल्या. शेवटची बरीच वर्षं त्या आमच्याकडेच होत्या. त्यांचं सगळं यथासांग झालं आणि मग आमच्या ह्यांना घर हलकं करायचा झटका आला. हे टेलिकॉममधले. त्यामुळे झटकासुद्धा साधा येत नाही, त्याला फेज असतात. फेज वन म्हणे, 'अनयूज्ड मेटल'. गॅरेजमध्ये ह्यांचे स्वतःचे मेलेले राउटर, कुठल्या जन्मीच्या वायरी आणि विकून टाकलेल्या गाडीचे विंटर टायर पडलेत, त्यांना हात नाही. हलकं काय करायचं, तर बायकांच्या कपाटातलं!

फोनवर कुठलीशी जाहिरात दिसली. नको असलेलं सोनं-चांदी पोस्टानं पाठवा, आम्ही तपासतो, भाव कळवतो, तुम्ही हो म्हणा, पैसे खात्यात. घरी एक जाड प्लॅस्टिकची पिशवी येते, तिचं टपालही त्यांचंच. मी म्हटलं, "अहो, ब्रॅम्पटनला एवढे सोनार बसलेत. समोर वजन करतात, समोर भाव सांगतात. हे न बघितलेल्या माणसाला पोस्टानं चांदी कसली पाठवता?"

"तिथे बार्गेन करावं लागतं," हे म्हणाले. "तेही हिंदीत."

"मग करायचं!"

"इथे सगळं ट्रान्सपरंट असतं. ट्रॅकिंग नंबर असतो."

ट्रॅकिंग नंबर म्हटलं की ह्या माणसाचा देवावर बसला नसेल एवढा विश्वास बसतो. मी हात जोडले आणि ग्रोसरीला गेले. परत येईपर्यंत फेज वन संपली होती. पिशवी बंद, टपालात रवाना, आणि हे सोफ्यावर लढाई जिंकून आल्यासारखे पसरलेले.

दोन-तीन दिवसांत भावाची ईमेल आली. लगेच होकार दिला तर थोडं जास्त मिळेल, असं त्यात होतं. जगातल्या सगळ्या भामट्यांना एवढं एकच वाक्य येत असावं आणि जगातल्या सगळ्या इंजिनियरांना ते पुरत असावं. ह्यांनी मीटिंगमध्ये बसल्या बसल्या 'ॲक्सेप्ट' दाबलं. मला संध्याकाळी आमटी वाढून घेता घेता सांगितलं.

आणि त्याच आठवड्यात वन्संचा फोन आला.

वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण, ब्रॅम्पटनला असतात. सख्खी म्हणायची पद्धत आहे आणि वागतातही तशाच, पण आई वेगळी. माझ्या सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, पहिली बायको बाळंतपणानंतर वर्षभरात गेली, तेव्हा वन्सं नीट चालायलाही लागल्या नव्हत्या. मग सासऱ्यांनी दुसरं लग्न केलं, ते माझ्या सासूबाईंशी. आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे दुसरीनं घरात पाऊल टाकायच्या आधी पहिलीचा टाक करून घेतला. टाक म्हणजे हातात मावेल असा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती. देवांचे टाक असतात तसाच हा मेलेल्या सवतीचा. दुसरीनं तो आयुष्यभर सांभाळायचा. सणाला आधी तिला नैवेद्य, नवी साडी आधी तिला दाखवून मग आपण नेसायची, म्हणजे ती रागावत नाही. नवऱ्यानं दुसरं लग्न करायचं आणि मेलेलीची समजूत काढायची नवीन आलेलीनं! पुरुषाच्या वाट्याला ह्यात काही काम ठेवलेलं नाही, हे बघितलंत ना?

सासूबाईंनी ते काम चोख केलं. टाक साताऱ्याहून कनाट्यापर्यंत आणला. देवांच्या रांगेत मात्र त्यांनी तिला कधी बसवली नाही. देवघराखालच्या खणात, खणाच्या कापडाच्या बटव्यात ती एकटी असायची. पितृपक्षात, अविधवा नवमीला तेवढी बाहेर यायची, जेवायची आणि परत आत जायची.

वन्सं फोनवर म्हणाल्या, "वहिनी, आता आई गेली. तिच्या हयातीत मागणं बरं दिसलं नसतं. पण आता माझ्या आईचा टाक मला द्याल का? मी शनिवारी येते न्यायला."

उभ्या आयुष्यात त्या बाईनं माहेराकडून काही मागितलं नव्हतं. देव मुलाकडे जातात, घर मुलाकडे गेलं, आणि ह्या मुलीची मेलेली आईसुद्धा सावत्र भावाकडे गेली, तरी चकार शब्द नाही. मी म्हटलं, "द्याल का काय विचारता? तुमचाच आहे." आणि फोन ठेवून खण उघडला.

बटवा होता. आत काही नव्हतं.

मी ह्यांना हाक मारली, ती शेजारच्या टाउनहाउसपर्यंत गेली असणार. हे खाली आले, बटवा बघितला आणि म्हणाले, "ते? ते होय? तो काहीतरी चेपलेला पत्रा होता ना?"

"अहो, तो टाक होता! तुमच्या थोरल्या आईचा!"

"त्याच्यावर काही दिसतच नव्हतं नीट!"

मग ह्यांनी स्वतःहून फोन काढला. विम्यासाठी म्हणून पिशवी भरतानाचा व्हिडिओ केला होता ह्यांनी. लाजेचा भाग असा की तो फार चांगला निघाला होता. टेबलावर पांढरा टॉवेल, वर दिवा, आणि हे एकेक वस्तू कॅमेऱ्यासमोर धरून इंग्रजीत नाव घेतायत. बोल, वन पीस. स्पून, सिक्स पीसेस. कॉइन, लक्ष्मी. मग ह्यांच्या दोन बोटांत ती आली. ह्यांनी तिला उलटसुलट फिरवली आणि म्हणाले, "फ्लॅट पीस, लेडी डिझाइन." आणि टाकली पिशवीत.

मला इतका संताप आला की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली. ह्यांनी कंपनीला फोन लावला. बराच वेळ संगीत वाजलं, मग एक गोड आवाजाची मुलगी आली आणि म्हणाली, ऑल ॲक्सेप्टेड आयटम्स हॅव बीन प्रोसेस्ड. हे म्हणाले, प्रोसेस्ड म्हणजे? ती तितक्याच गोडव्यानं म्हणाली, मेल्टेड, सर. आणि आमची सेवा कशी वाटली तेही विचारलं.

शनिवारपर्यंत ह्यांनी जे जे उपाय सुचवले ते लिहायलाही मला लाज वाटते. पहिला उपाय, सांगायचंच नाही, मूव्हिंगमध्ये हरवला म्हणायचं. आम्ही ह्या घरात मुलगी शाळेत जायच्या आधीपासून राहतोय. दुसरा उपाय, ब्रॅम्पटनच्या सोनाराकडून तसाच करून घ्यायचा. "चेहरा झिजलाच होता, ताईला काय कळणार?" म्हणजे टाक विकताना ज्या सोनाराशी हिंदी बोलायला जीभ रेटत नव्हती, त्याच्याकडे आता खोटा टाक करायला निघाले! मी म्हटलं, "सरळ तोंडानं सांगा, नाहीतर मी सांगते."

वन्सं शनिवारी दुपारी आल्या. एकट्या गाडी चालवत, वाटेत बर्फ असूनही. हातात खोका होता, त्यात चण्याच्या डाळीची पुरणपोळी. आईला माहेराहून घरी न्यायचं तर काहीतरी गोड हवं, म्हणाल्या. ते ऐकून ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. चहा झाला, रस्त्याची चौकशी झाली, विंटर टायरची झाली. शेवटी मीच ह्यांच्या पायावर पाय दिला.

ह्यांनी सांगितलं. तेही कसं, "ताई, एक प्रोसेस इश्यू झाला," अशी सुरुवात करून.

वन्सं ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "तिचा फोटो नाही रे एकसुद्धा. लग्नातसुद्धा काढला नव्हता. लहानपणी मला सांगायचे, ही तुझी आई. अविधवा नवमीला तो टाक चिंचेनं घासायचं काम माझ्याकडे असायचं. नाकात नथ होती तिच्या, पदर होता. मला वाटायचं, अजून घासलं की अजून स्पष्ट दिसेल. घासून घासून मीच तिचा चेहरा घालवला."

मग म्हणाल्या, "तो व्हिडिओ आहे म्हणालास ना? दाखव."

मी नको नको म्हणत होते. पण त्यांनी फोन घेतला आणि बघितला. वाट्या, चमचे, नाणी सगळं पुढे सरकवलं आणि त्या दोन बोटांपाशी थांबवलं. ह्यांचा आवाज आला, लेडी डिझाइन. त्यांनी मागे नेऊन पुन्हा बघितलं. मग पुन्हा. शेवटी आवाज बंद करून बघत राहिल्या. मला रडू आवरेना. हे खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला हवा म्हणाले. मी म्हटलं, "जा, करा. तेवढं तरी जमतं का बघा."

वन्सं त्या दिवशी राहिल्या. पुरणपोळी कुणी उघडली नाही.

रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या टपालपेट्यांकडे मी सहजच गेले. शुक्रवारचं टपाल कुणी काढलंच नव्हतं. त्यात त्याच कंपनीचं एक छोटं पाकीट होतं. मी ते घरी येऊन सगळ्यांसमोर फोडलं. आत दोन वस्तू. एक करंडा, मंडळाच्या एका माजी अध्यक्षांनी आमच्या वास्तुशांतीला भर सभेत भाषण करून दिलेला. आणि तो टाक.

दोन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत होते आणि दोन्हींवर सारखीच चिठ्ठी चिकटवलेली होती, ही चांदी नाही, आम्ही घेत नाही, साभार परत.

"बघ! आली की नाही!" हे नाचायचेच बाकी होते. "ट्रॅकिंग असतं म्हणून सांगत होतो!" मग त्यांनी चिठ्ठी नीट वाचली आणि त्यांचा चेहरा बदलला. "म्हणजे चांदी नव्हतीच? मग आई एवढी वर्षं... सोनारानं अण्णांना फसवलं की गं ताई!"

वन्संनी टाक तळहातावर घेतला. अंगठ्यानं पुसला. पुसायला त्यावर काही उरलं नव्हतं.

"सोनार कशाला फसवेल?" त्या म्हणाल्या. "टाक आणि नव्या बायकोच्या पाटल्या एकाच वेळी केल्या होत्या. आत्याच सांगायची. अण्णाच म्हणाले असतील, हिला काय, पत्र्याचा चालेल. मेलेली थोडीच तक्रार करणार!"

सासूबाईंच्या त्या पाटल्या मी ओळखते. चांगल्या जड आहेत, आणि त्या क्षणी त्या माझ्याच हातात होत्या. मी हात टेबलाखाली घेतले.

वन्संनी बटवा मागितला. मी दिला. त्यात त्यांनी आईला ठेवलं, बटवा कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, वरून चेन लावली. बूट घालायला बसल्या तेव्हा ह्यांना राहवलं नाही. माणूस वाईट नाही हो, पण काहीतरी दुरुस्त केल्याशिवाय ह्यांना झोप येत नाही.

"ताई, ऐक ना," हे म्हणाले, "मी तुला नवा करून देतो. अस्सल चांदीचा. एकदम प्युअर."

वन्संनी दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. मग उभ्या राहिल्या आणि भावाच्या गालाला हात लावला.

"नको रे बाळा," त्या म्हणाल्या. "चांदीची केलीस तर पुन्हा विकशील."