शनिवारची ठेव

शनिवारवाल्या काकांनी मला जेवढे धक्के दिले, तेवढे आर्वीच्या रस्त्यावर एसटीनेही दिले नसतील. एसटीत निदान पुढचा खड्डा दिसतो आणि माणूस दांडा तरी धरतो.

काका मूळचे अलिबागकडचे, बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे ज्यू. रेल्वेच्या नोकरीत पुलगावला आले आणि निवृत्तीनंतर काकूंसह आमच्या गल्लीतच राहिले. शनिवारी चूल पेटवायची नाही, लिहायचं नाही, वाजवायच्या पेटीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. गल्लीने त्यावरून ठरवून टाकलं की काकांना साडेसाती आहे. कोपऱ्यावरचे पानठेलेवाले भाऊ तर एका शनिवारी तेलाची वाटी आणि काळे उडीद घेऊन दारात हजर. "काकाजी, शनिमहाराजाले वाहाले तेल आणलं. लई दिवस चालून राह्यली तुमची साडेसाती!" काका म्हणाले, "अहो, शनी नव्हे, हा आमचा शब्बाथ." भाऊंनी ऐकलं 'शाब्बास'. त्यांना वाटलं, तेलाबद्दल शाबासकी मिळाली. तेव्हापासून दर शनिवारी ठेल्यावरून आरोळी यायची, "काकाजी, शाब्बास!" आणि काका हात वर करून गंभीरपणे म्हणायचे, "शाब्बास!" मी भाऊंची चूक सुधारायला निघालो तर काका माझ्यावरच उखडले. "मास्तर, राहू द्या हो. आमच्या वाराचं नाव या गावात एवढ्या मोठ्याने दुसरं कोण घेतं?"

काकांचं खरं वेड म्हणजे प्रार्थनांना चाली लावणं. शब्द हिब्रू, सूर मात्र मिळतील तिथून उचललेले. एकदा भर उन्हात त्यांनी भंगारवाल्याला थांबवून त्याची आरोळी चारचारदा म्हणायला लावली. तो वैतागून म्हणाला, "काकाजी, इकाचं काई हाय का नाई?" काका म्हणाले, "नाही रे बाबा, पण तो शेवटचा 'आ' पुन्हा लाव." पुढे तो 'आ' प्रार्थनेत ऐकू आला आणि मी चहाचा कप सांडला. आम्ही सगळे याला निवृत्त माणसाचा चाळा समजत होतो. मग एक दिवस ठाण्याहून काही पाहुणे 'गुरुजी कुठे राहतात?' विचारत आले. गल्लीतला मास्तर मीच, म्हणून ऐटीत पुढे झालो. ते वाकणार तोच त्यांना माझ्यामागे बनियनवर उभे असलेले काका दिसले आणि सगळे मला वळसा घालून त्यांच्या पाया पडले. ठाण्यापासून अलिबागपर्यंत त्यांचे लोक शुक्रवारच्या संध्याकाळी, शब्बाथ लागताना, याच माणसाच्या चाली गातात, हे मला तेव्हा कळलं.

पंचाईत अशी की चाल त्यांना नेमकी शनिवारी सुचायची. लिहायला बंदी, पेटीला बंदी, आणि वयामुळे लक्षात राहीना. मग भर दुपारी आमच्या दारात. "मास्तर, एवढी ठेवून घ्या. आभाळात तीन तारे दिसले, शब्बाथ संपला, की परत नेतो." मी ती चाल तोंडात धरून बसायचो. बायकोने चहाचं विचारलं तरी नुसती मान हलवायचो, बोललो तर सांडायची. शब्बाथच्या स्वागताच्या चाली त्यांनी ढीगभर केल्या होत्या, पण संध्याकाळी त्याला निरोप देताना म्हणायची चाल काही जमत नव्हती. "येणाऱ्याला कोणीही गातं हो," ते म्हणायचे. "जाणाऱ्याला गाता आलं पाहिजे. ती एक झाली की मी सुटलो."

गेल्या दिवाळीनंतरच्या एका शनिवारी ते जवळजवळ धावतच आले. "मास्तर, सापडली!" दोनदा गाऊन दाखवली आणि विश्रांतीला घरी गेले. संध्याकाळी मी ओट्यावर बसलो. तिन्ही तारे दिसले, काका आले नाहीत. आली ती काकूंची हाक. दुपारच्या झोपेतून ते उठलेच नव्हते.

महिन्याने काकूंनी त्यांच्यासाठी मलिदा केला, पोहे, गूळ आणि खोबऱ्याचा त्यांचा प्रसाद. ठाण्याची मंडळी आली होती. सगळ्यांसमोर काकूंनी विचारलं, "मास्तर, त्या शनिवारी तुमच्याकडे काही ठेवलं होतं का हो?"

ठेवलं होतं. महिनाभर मी तेच घोकत होतो. उभा राहिलो, गायलो, आणि शेवटच्या ओळीशी आलो तर पुढे काहीच नाही. काकांची रिकामी खुर्ची दिसली आणि ओळ गेली. तेवढ्यात दाराशी चपला काढणाऱ्या भाऊंनी सूर उचलला. शब्द नाहीत, नुसता 'आ', पण चाल बिनचूक, शेवटपर्यंत. मी हबकलोच. "भाऊ, तुम्हाला कशी येते?"

भाऊ खाली मान घालून म्हणाले, "तुम्ही विसरसान म्हून काकाजी दर शनिवारी मले बी देऊन जात, त्या दिवशी बी देऊन गेले. म्हणे, मास्तरले सांगू नोका, त्याईले वाईट वाटन."

एवढ्या वर्षांची ठेव माझी, आणि जामीन पानठेल्यावर! खरं तर मला राग यायला हवा होता. मला रडूच आलं.

आता शनिवारी तीन तारे दिसले की मी ओट्यावरून सुरुवात करतो आणि शेवटची ओळ ठेल्यावरून येते. काकूंच्या खिडकीत दिवा लागतो. सवय जात नाही, भाऊ अजून ओरडतात, "काकाजी, शाब्बास!"

मग आतून काकू म्हणतात, "शाब्बास."