ओमप्रकाशची सवत

आंजी गावचा ओमप्रकाश वर्ध्याजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये तरुणपणापासून कामाला आहे. पट्टा सुरू करण्याआधी तो खणखणीत ओरडायचा, "हात!" कापसातला कचरा वेचणाऱ्या साऱ्या बाया दोन्ही हात वर करायच्या, मगच तो बटण दाबायचा. त्याच्या पाळीत कुणाचं बोटसुद्धा कधी सापडलं नाही. मी त्याचा शाळेतला गुरुजी; मीच त्याला वर्गप्रमुख केलं होतं. तो रुबाब पुढेही टिकला.

मागच्या हंगामात पट्ट्यावर काचेचा डोळा बसला. रोलरजवळ हात गेला की पट्टा आपोआप थांबतो. तो सांभाळायला आयटीआय झालेली आकांक्षा आली. "हात!" बंद झालं आणि ओमप्रकाशचं जेवण कमी झालं. बायको भागीरथा म्हणायची, "त्या डोयाचं नाव काढलं का तोंड वाकडं! शेटनं तुमाले सवतच आणली म्हणा."

यंदा दसऱ्याला मशीनपूजेचा नारळ शेट सदाशिवरावांनी आकांक्षाच्या हाती दिला. आजवर तो ओमप्रकाश फोडत असे. त्यानं कुंकवाची वाटी उचलली आणि डोळ्याच्या काचेवर मुद्दाम जाड बोट ओढलं.

पट्टा सुरूच होईना. फाटकाशी कापसाच्या गाड्या उभ्या, मुहूर्त टळत चाललेला. आकांक्षा घामाघूम होऊन स्क्रीनवर बिघाड शोधत होती. कुंकू साऱ्यांच्या डोळ्यांसमोर होतं, पण पूजेच्या कुंकवानं काही अडत असेल, हे कुणाच्या मनातही येईना. ओमप्रकाश आतून खूश.

शेटनं चावी पुढे केली. "ओम, डोळा बंद कर. चालव जुन्या पद्धतीनं."

त्याची छाती फुगली. चावी फिरवून तो ओरडला, "हात!"

जुन्या बायांचे हात वर गेले. सुलोचनाबाई मात्र रोलरशी अडकलेली चिंधी ओढत वाकलेली.

"सुलोचनाबाई, हात!"

"दाब नं ओमभाऊ, काऊन ओरडून राह्यला? हात दिसला का थांबते नं थे."

बटणावरचं बोट त्यानं चटका बसल्यासारखं मागे घेतलं. चावी उलटी फिरवली. खांद्यावरचा दुपट्टा काढून तो काच पुसू लागला.

"अगा, आजच्या दिवशी पूजेचं कुंकू पुसते का कोनी?" सुलोचनाबाई म्हणाली.

"मीच लावलं. मीच पुसतो."

पट्टा सुरू झाला. आकांक्षानं त्याच्याकडे रोखून पाहिलं, पण शेटसमोर ती एवढंच म्हणाली, "काका, काचेवर रुईचा भुगा बसते. रोज सकाळी तुम्हीच पुसत जा."

तो पुसतो. पुसताना त्या डोळ्याकडे बघत मात्र नाही. परवा मी त्याच्याकडे चहाला गेलो तेव्हा भागीरथानं कप ठेवता ठेवता विचारलं, "पुसलं का सवतीचं तोंड?"

"पुसलं," ओमप्रकाश म्हणाला. मग बशीत फुंकर मारत माझ्याकडे वळला. "थांबवता येते तिले, गुरुजी. मान्य. पन 'हात!' म्हनता येते का?"